प्रवाशाचा भात

आमच्या किरिहामा गावात घरचा माणूस दूरच्या प्रवासाला गेला की त्याच्या नावाने रोज एक वाटी भात वाढण्याची रीत आहे. तो चार महिन्यांसाठी उत्तरेच्या समुद्रात गेलेला असो की नोकरीच्या शोधात शहरात. त्याच्या नेहमीच्या जागी गरम भाताची झाकण घातलेली वाटी ठेवायची, जेवणाच्या काड्या तिच्यासमोर आडव्या मांडायच्या, आणि घरातल्यांची जेवणे उरकेपर्यंत ती हलवायची नाही. प्रवासी जेथे असेल तेथे त्यामुळे उपाशी राहत नाही, अशी श्रद्धा. झाकण उचलल्यावर आतून दवाचे थेंब दिसले तर तो सुखरूप आहे असे समजायचे. मृतांचा भात निराळा. त्यात काड्या उभ्या रोवतात, आणि अस्थी थडग्यात विसावेपर्यंत रोज तशाच रोवत राहतात. हे दोन भात एकाच हाताने, एकाच चुलीवरून वाढले गेल्याचे मी माझ्या एकाहत्तर वर्षांत कधी पाहिले नव्हते. लाटेच्या वर्षी पाहिले.

लाट मार्चच्या अकरा तारखेला आली. माझे बौद्ध मंदिर टेकडीवर आहे, चौऱ्याण्णव पायऱ्यांवर. पाणी एकसष्टाव्या पायरीपर्यंत चढले आणि तेथून परतले. परतताना जे नेले त्याची यादी शाळेच्या भिंतीवर लागली आणि आठवड्या-आठवड्याने वाढत गेली. मृताला नवे धर्मनाम देण्याचे काम माझे. ऑगस्टपर्यंत मी एकशे त्र्याऐंशी नावे लिहिली. कोळ्याच्या धर्मनामात ‘समुद्र’ हे अक्षर घालण्याचा आमचा पिढीजात प्रघात; त्या वर्षी प्रत्येक घराने दाराशी येऊन हळूच सांगितले, तेवढे एक अक्षर नको. मग मी पर्वत घातले, देवदार घातले, चंद्र घातला. पुढे पुढे चंद्रही पुरेना. सूत्रपठणाने घसा बसला होता तो बरा झालाच नाही, आणि बरा व्हावा अशी मला घाईही राहिली नव्हती.

जी नावे मी लिहू शकलो नाही, त्यांत इवाबुची कोहेईचे एक होते.

कोहेई गावच्या अग्निशमन पथकात होता. हे पथक म्हणजे पगारी माणसे नव्हेत. गावचेच कोळी, सुतार, दुकानदार. भूकंप झाला की समुद्राच्या भिंतीतली लोखंडी दारे बंद करणे हे त्यांचे काम. त्या दिवशी सातजण तिसऱ्या दारावर गेले. सहाजणांचे मृतदेह सापडले. कोहेईचा बाप तोकुझो हा मासेमारीच्या बोटीचा तांडेल; जमीन हादरली की बोट सोडून पळायचे नाही, तिला घेऊन तडक खोल पाण्यात जायचे, ही येथल्या तांडेलांची शिकवण. तो गेला, बोट वाचली. तिसऱ्या दिवशी परतला तेव्हा घर नव्हते, मुलगा नव्हता. सून चिसातो हॉटेलच्या गच्चीवर होती, ती तेवढी उरली. तेव्हापासून सासरा आणि सून शाळेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या घरात राहत होते. दोन खोल्या, शेजारच्याचा खोकला ऐकू येईल अशी भिंत.

सप्टेंबरमध्ये मी त्यांच्याकडे गेलो तो एका कागदासाठी. शव न सापडताही मृत्यूची नोंद करता यावी अशी सवलत सरकारने दिली होती. जवळच्या नातेवाइकाची सही हवी, आणि त्या माणसाला शेवटचे ज्याने पाहिले वा ऐकले असेल त्याचे निवेदन हवे. वर्षश्राद्धाला सातही नावे एकत्र वाचली जावीत असे बाकीच्या सहा घरांना वाटत होते. तोकुझोलाही तसेच वाटत होते. सही मात्र चिसातोची लागणार होती.

“गुरुजी, तुम्ही तरी सांगा हिला,” तोकुझो म्हणाला. “सहाजण टेकले. हा एकटा अधांतरी. त्यानं कुठं टेकायचं?”

चिसातो चहा ओतत होती. “मामंजी, चहा घ्या. निवतो.”

“विषय बदलू नकोस.”

“विषय रोज तोच असतो. चहा रोज निवतो.”

खिडकीखालच्या फळीवर झाकलेली वाटी होती आणि तिच्यासमोर काड्या आडव्या. माझी नजर गेलेली तिने पाहिली.

“सही केली की शोध थांबतो, गुरुजी,” ती म्हणाली. “दर महिन्याच्या अकरा तारखेला पोलीस किनारा धुंडाळतात ते कुणासाठी? बेपत्तांच्या यादीत आहेत त्यांच्यासाठी. त्या यादीतून त्यांचं नाव मीच काढायचं?”

“शोध थांबत नाही. तसा नियमच आहे.”

“नियम चालू राहतो. माणसं दमतात.”

मी स्वतः दमलो होतो आणि ते तिला दिसत होते. तिने वाटीचे झाकण उचलून माझ्यासमोर धरले. आतून थेंब लोंबत होते.

“रोज असतात,” ती म्हणाली.

“पत्र्याचं घर आहे हे,” तोकुझो म्हणाला. “इथं झाकणालाच काय, माझ्या नाकालाही आतून दव धरतं. मीही सुखरूप आहे म्हणायचं.”

चिसातो हसली नाही, पण रागावलीही नाही. “तुम्हीही सुखरूपच आहात, मामंजी. जेवा आता.”

निवेदनाच्या रकान्याचे मी विचारले, तेव्हा तोकुझो उठून बुटात पाय घालू लागला. “ते बघू नंतर. आधी तिची सही होऊ दे.” मला त्यात काही वावगे वाटले नाही. त्या वर्षी कोणी कोणते काम नंतरवर टाकले तर त्याला जाब विचारावा एवढे बळ कोणातच नव्हते.

साल्मन मासा शरद ऋतूत नद्यांकडे वळतो, त्या सुमारास समुद्रात रोवून ठेवायचे मोठे जाळे गावाने पुन्हा उभारले. बावीस बोटींपैकी पाच उरल्या होत्या. तोकुझोच्या बोटीवर आठ खलाशी जमले ते आठ निरनिराळ्या, आता नसलेल्या बोटींचे. त्यांच्यात गोन्जी नावाचा पंचावन्न वर्षांचा खलाशी होता. पुढची हकीकत मला त्यानेच सांगितली, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, मंदिराच्या ओसरीवर बसून.

“जाळं ओढता ओढता दिसलं, गुरुजी. बाई होती. वय झालेली, डॉक्टर म्हणाले. अंगावर काम करतानाचा एप्रन. आठ महिन्यांनी जे उरायचं तेवढंच. एबिसू.”

समुद्रात सापडलेल्या मृताला आमच्याकडे शव म्हणत नाहीत, एबिसू म्हणतात; मासळी देणाऱ्या देवाचेच ते नाव. त्याला पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्या बोटीचे भले होत नाही. त्याला डाव्या बाजूनेच वर घ्यायचे, आणि घेण्यापूर्वी तांडेलाने विचारायचे, ‘मासळी देशील का?’ मृताच्या वतीने दुसऱ्या कोणी उत्तर द्यायचे, ‘देईन.’ मग तो मृत त्या बोटीचा होतो. कोणी नातेवाईक सापडेपर्यंत तांडेलाच्या घराने त्याला रोज भात द्यायचा, आणि त्याचा भात वाढला गेल्याशिवाय तांडेलाने स्वतः अन्नाला शिवायचे नाही.

“दोर तयार होता,” गोन्जी सांगत होता. “आम्ही सगळे तांडेलाच्या तोंडाकडे. तांडेल तोंड उघडेना. मला वाटलं इंजिनामुळं ऐकू येत नसेल, म्हणून इंजिन बंद करायला लावलं. तरी नाही. एबिसू आपली डुलतेय. शेवटी मीच विचारलं, ‘मासळी देशील का?’ आणि मी विचारलं म्हणून उत्तर द्यायला कुणी पुढं येईना. मग उत्तरही मीच दिलं. एकाच तोंडानं प्रश्न, त्याच तोंडानं ‘देईन’. ती म्हणत असेल, ही कसली माणसं.”

“तोकुझो काय म्हणाला?”

“काही नाही. नंतर म्हणाला, ‘थंडी वाजत असेल, घे वर.’” गोन्जीने सिगारेट विझवली. “मासळीही आली म्हणा तशीच. अर्धी. अर्ध्या विचारण्याची अर्धी.”

जरा वेळाने तो म्हणाला, “तांडेलानं आधी तिचे हात बघितले, गुरुजी. आम्ही सगळेच बघतो. आपलं कुणी आहे का ते.”

पोलिसांनी नियमाप्रमाणे तपासले, नमुने घेतले, दहन केले. ओळख पटली नाही. पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी क्रमांक घालून माझ्याकडे आली, आणि मंदिराच्या उत्तरेकडच्या दालनात, अगोदरच्या दहा पेट्यांच्या शेजारी, अकरावी म्हणून बसली. त्या दहांना मी रोज भात देत होतो. अकरावीला घर होते.

तोकुझो रात्री दोनला बंदरावर जाई. भात घेऊन टेकडी चढणे त्याला शक्य नव्हते. चिसातोने साफ सांगितले की तिच्या घरात घरच्यांखेरीज एकाच माणसाचा भात वाढला जातो, आणि तो मेलेल्याचा नाही. मी निरोप पाठवला, हे काम मी करीन. तीन दिवस मी केले. चौथ्या दिवशी सकाळी सहाला चिसातो पायऱ्या चढून आली; हातात वाटी, तोंडातून वाफ.

“तुम्ही देता तो चालत नाही म्हणे,” ती धापा टाकत म्हणाली. “तांडेलाच्या घरचाच लागतो. तीन दिवस उपाशी कामावर गेला म्हातारा. काल बोटीवर चक्कर आली. गोन्जीकाका सांगत आले. माझ्या घरात एक जेवायला येत नाही, आणि दुसरा आहे तो जेवत नाही.”

“म्हणून आलीस.”

“म्हणून आले. कुठंय ही बाई?”

मी दालन दाखवले. ती पेटीसमोर बसली, वाटी ठेवली, आणि काड्या हातात धरून थबकली. मग भातात उभ्या रोवल्या. हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. पेटीवरच्या क्रमांकाकडे पाहत राहिली.

“आकड्याला काय हाक मारायची?” तिने विचारले.

“तुला हवी ती.”

“एबिसूबाई,” ती म्हणाली. “जेवा. आणि त्याला लवकर खाऊ द्या.”

तेव्हापासून ती रोज आली. प्रथम घरच्या फळीवर नवऱ्याची वाटी, काड्या आडव्या. मग चौऱ्याण्णव पायऱ्या चढून परक्या बाईची वाटी, काड्या उभ्या. मग खाली उतरून समुद्री शैवाल निवडण्याच्या शेडमध्ये दिवसभर काम. शेजारची म्हातारी तोमेयो दारात बसून तिला रोज डिवची. “नसलेल्याला वाढलं, मेलेलीला वाढलं. आता सासऱ्याला काय, खरवड?” चिसातो न थांबता उत्तर देई, “खरवड तुमच्यासाठी ठेवलीय, आजी. दात असतील तर या.” तोमेयोला दात नव्हते आणि तिचाही एक मुलगा यादीत होता. त्या दोघींचे हे बोलणे इतके नेमाने चाले की एखाद्या सकाळी ऐकू आले नाही तर मैदानातली माणसे दार किलकिले करून पाहत.

मी दालनाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या दहा वाट्या मांडत असे. आमचे फारसे बोलणे होत नसे. डिसेंबर गेला. नवे वर्ष आले. आमच्यापैकी कोणी कोणाला शुभेच्छा दिल्या नाहीत. जानेवारीत चिसातो पेटीशी थोडे बोलू लागली. शेडमध्ये कोण भांडले, तोकुझोचा गुडघा कसा सुजला, रात्री पत्रे कसे वाजतात. एकदा तिने वळून मला विचारले, “हिचं कुणी असेल ना, गुरुजी? कुठंतरी हिच्याही नावाचा भात कुणी झाकून ठेवत असेल.”

“असेल.”

“आणि झाकणाला दव येत असेल.”

मी माझ्या वाट्या मांडत राहिलो. पायऱ्या उतरताना तिचा हात कठड्यावर रेंगाळत होता, एवढे मी पाहिले.

फेब्रुवारीच्या शेवटी तीन दिवस हिमवादळ झाले आणि बोटी बंदरातच राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चिसातो आली नाही. नऊच्या सुमारास तोकुझो वर आला. बूट न काढताच तो ओसरीवर चढला. चाळीस वर्षांत त्याने असे कधी केले नव्हते.

“गुरुजी, खाली चला. ती वेड्यासारखं करतेय.”

“काय झाले?”

“भातात काड्या उभ्या केल्यात. पोराच्या.” त्याच्या भुवयांवर बर्फ होते. “तुम्ही सांगा तिला, चूक झाली म्हणून. रोज दोन दोन वाट्या वाढायच्या म्हटल्यावर हात चुकणारच. तुम्ही सांगितलंत की ऐकेल.”

घरात शिरलो तेव्हा चिसातो फळीसमोर बसली होती. वाटी उघडी होती. काड्या समोर आडव्या होत्या, पण भातात दोन छिद्रे होती. खरे तर चार, दोन जोड्या, शेजारी शेजारी.

“मी उभ्या करते, हे आडव्या करतात,” चिसातो म्हणाली. तिचा आवाज शेडमध्ये मापाचा हिशेब सांगताना असावा तसा सपाट होता. “दोनदा झालं. भाताचा चुरा होईल आता.”

“चूक झाली तिच्या हातून,” तोकुझो म्हणाला. “सांगा, गुरुजी.”

मी बसलो. गुडघे दुखत होते म्हणून बसलो, विचार करण्यासाठी नव्हे. परंतु बसल्यावर दोघेही माझ्याकडे पाहू लागले. म्हणून मी विचारले, “चूकच होती का, चिसातो?”

“चूकच होती,” ती म्हणाली. “झोप झाली नव्हती. तीन महिने वरच्या बाईला वाढतेय, तोच हात. वाटी ठेवली, काड्या घेतल्या आणि रोवल्या. मग कळलं काय केलं ते. काढायला हात पुढं केला.” तिने वाटी जराशी जवळ ओढली. “आणि काढाव्याशा वाटेनात, गुरुजी. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर छाती फुटेल. तसं काही झालं नाही. भात शांत दिसत होता. वर्षभर रोज झाकण उघडते आणि बघते, थेंब आहेत का. रोज. आज बघावं लागलं नाही. मी नुसती बसून राहिले, भात थंड होईपर्यंत.”

“थंड भात काढून गरम वाढ,” तोकुझो म्हणाला.

“मामंजी, तुम्हीच म्हणत होता, सही कर.”

“म्हणत होतो.”

“सप्टेंबरपासून म्हणत होता.”

“तू करत नव्हतीस म्हणून म्हणत होतो,” तोकुझो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचे त्यालाच ऐकू आले.

शेजारी तोमेयोचा रेडिओ हवामान सांगत होता. चिसातोने उठून सासऱ्याच्या पायांतले बूट काढले, त्याने काढू दिले. ते दाराशी नेऊन ठेवले, ओल्या पायांवर कापड टाकले, आणि कपाटातून तो कागद आणला. सहा महिन्यांत त्याच्या घड्यांना रेघा पडल्या होत्या. तिने तो खालच्या मेजावर पसरला आणि आपल्या रकान्यात नाव लिहिले. घाई केली नाही, थांबलीही नाही. मग कागद फिरवून तोकुझोसमोर सरकवला.

“हे तुमचं. शेवटचं कुणी ऐकलं ते.”

“बाकीचे सहाजण होते त्याच्याबरोबर.”

“ते सहाजण गेले, मामंजी. गोन्जीकाका म्हणाले, तुमच्या बोटीचा वायरलेस तोच जुना आहे, दुरुस्त न करता चालतो. मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही म्हणाला होता त्या दिवशी बिघडला होता, मी म्हटलं बरं.”

तोकुझोने हात पुढे केले. जाळ्याच्या दोरांनी आणि थंडीने बोटे सुजून मिटत नव्हती. “मला लेखणी धरता येत नाही,” तो म्हणाला. ते खरेच होते. आणि त्याच्या तोंडून ते सुटकेसारखे निघाले.

“मी लिहितो,” मी म्हणालो. “तू सांग.”

चिसातोने तिघांसाठी चहा ओतला. या खेपेस कोणी कोणाला घे म्हणाले नाही. मी त्या वर्षी कितीतरी घरांत असा बसलो आहे. माणूस बोलण्यापूर्वी किती वेळ जातो हे मला ठाऊक आहे, आणि तो कमी करता येत नाही हेही.

“तीन वाजून पाच-सात मिनिटं झाली होती,” तोकुझो म्हणाला. “मी बेटाच्या पलीकडं होतो. बोटीचं नाक बाहेरच्या बाजूला. त्याचा आवाज आला. पथकाच्या वायरलेसवरून. म्हणाला, दार अर्धं लागलंय, खालच्या गल्लीतून माणसं अजून येतायत, त्यांना घेऊन बंद करतो. मी म्हटलं, दार गेलं खड्ड्यात, तू वर जा.”

मी लिहीत होतो.

“तो म्हणाला, एक म्हातारी ढकलगाडी घेऊन येतेय, ती गाडी सोडत नाही. मी म्हटलं, मी येतो. बोट वळवतो. दहा मिनिटांत बंदरात. खरंच वळवत होतो, गुरुजी. सुकाणू फिरवलं होतं.” त्याने आपले मिटत नसलेले हात गुडघ्यांवर ठेवले. “तो ओरडला. आयुष्यात माझ्यावर ओरडला नव्हता. म्हणाला, तांडेल, इकडं येऊ नका. बाबा नाही म्हणाला. तांडेल म्हणाला. मग मी पुन्हा नाक बाहेर केलं.”

“आणि?”

“आणि गेलो. खोल पाण्यात. मोठ्या लाटेवर चढलो तेव्हा वायरलेस नुसता खरखरत होता.” त्याने फळीवरच्या वाटीकडे पाहिले. “त्या बाईला मी विचारू शकलो नाही, मासळी देशील का म्हणून. आधीच बोट घेऊन बसलोय. आणखी काय मागायचं त्या पाण्याकडं.”

चिसातो मेजाच्या कडेवर बोट फिरवत होती. तिचा चेहरा फारसा बदलला नव्हता. वर्षभरच्या थकव्याखाली जे असेल ते वर यायलाही शक्ती लागते. मग तिने विचारले, “घरचं काही म्हणाले?”

तोकुझोला खोटे बोलता आले असते. मला वाटले, आता तो बोलेल, आणि मी ते लिहीन, आणि त्याचे पाप आम्ही दोघे वाटून घेऊ. त्याने डोळे मिटले.

“नाही. घाईत होता.”

चिसातोने मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा.

“घाईतच असायचे,” ती म्हणाली. “लिहा, गुरुजी. घाईत होते म्हणून.”

रकाना भरला होता. वेळ, ठिकाण आणि दाराचा क्रमांक एवढ्यातच त्याची जागा संपली होती. मी कागद आडवा धरला आणि समासात, लहान अक्षरांत, ते लिहिले. कचेरीतला माणूस हरकत घेईल तर घेवो. मग तोकुझोच्या अंगठ्याला शाई लावली, आणि तो कागदावर टेकवण्यासाठी चिसातोने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.